एका अंगणाची हवा

एप्रिलमध्ये खानदेशच्या हवेतही पाणी असतं, असं मी सांगितलं की जळगावातली माणसं आधी आकाशाकडे बघत आणि मग माझ्या तोंडाकडे. आकाश पांढुरकं, रस्त्यावरचं डांबर मऊ, ओठ फुटलेले. आणि ही मुलगी म्हणते हवेत पाणी आहे. माझी घरमालकीण एकदा म्हणाली, "असेल बाई. तुमच्या नळाला मात्र नाहीये."

पण असतं. कमी असतं, आणि सगळीकडे सारखं नसतं. हे 'सारखं नसणं' मोजणं ही माझी नोकरी होती.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. दिल्लीत एक मोठा संगणक हवामानाचे अंदाज काढू लागला होता. तो सगळ्या पृथ्वीच्या हवेवर चौकटींचं एक जाळं टाकी आणि प्रत्येक चौकटीसाठी तापमान, वारा, बाष्प यांचा एकेक आकडा धरून पुढचे दिवस मोजत जाई. त्या जाळ्याची घरं इतकी मोठी होती की धुळे आणि जळगाव एकाच घरात पडत. आमच्या केंद्राचे प्रमुख मूळचे धुळ्याचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणत असू. पाहुण्यांना ते नेहमी सांगत, "दिल्लीच्या संगणकाला धुळं आणि जळगाव एकच वाटतं. त्याला इथल्या एखाद्या सोयरिकीच्या बैठकीला नेऊन बसवा. चहा येईपर्यंत फरक कळेल."

सरांचा प्रकल्प हा त्या विनोदाचाच गंभीर भाग होता. दोन्ही जिल्ह्यांत जागोजागी बाष्प मोजायचं, ते त्याच सकाळी गोळा करायचं, त्यावरून खानदेशचा बारीक जाळ्याचा नकाशा तयार करायचा आणि अकराच्या आत दिल्लीला पाठवायचा. हे सगळं कशासाठी, तर मे महिन्यात. मे महिन्यात दुपारनंतर उठणारं वादळ घडाने लगडलेला केळीचा बाग बघता बघता आडवा करतं. ऊन सगळीकडे सारखंच भाजतं. वादळ कुठे उठणार हे बरंचसं जमिनीलगतच्या हवेतल्या पाण्यावर ठरतं. ते कुठे साठलं आहे हे सकाळी कळलं, तर दुपारबद्दल काहीतरी सांगता येईल, अशी आशा होती. मी सव्वीस वर्षांची होते, भौतिकशास्त्र शिकून आले होते, आणि 'अशी आशा होती' या शब्दांवर माझं समाधान होत नसे. मला सिद्ध करायचं होतं.

मोजण्याचं साधन साधं होतं. चार पायांवर उभी एक लाकडी पेटी, चारही बाजूंना झडपा, सगळी पांढरी रंगवलेली. आत दोन तापमापक. एक उघडा, दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळीवर ओली मलमल गुंडाळलेली. हवा कोरडी असेल तर मलमलीतलं पाणी भराभर उडतं आणि तो तापमापक थंड पडतो, माठातलं पाणी थंड पडतं त्याच कारणाने. दोघांतला फरक मोठा, तर हवा कोरडी. फरक लहान, तर दमट. वाचायची वेळ सकाळी साडेआठची. ती आम्ही ठरवलेली नव्हती. जगभरातली केंद्रं त्याच क्षणी आपापली साधनं वाचतात, म्हणून ती तशी होती.

वाचणारी माणसं गावोगावची होती. अमळनेरला एक निवृत्त मास्तर, शिरपूरला एक औषधविक्रेता, भुसावळला रेल्वे कॉलनीतला एक क्रिकेटवेडा पोस्टमन. आणि चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात अक्का.

अक्का गावातल्या बालवाडीच्या शिक्षिका. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. सगळं गाव अक्का म्हणे म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे यजमान भुसावळला रेल्वेत होते आणि सुटीला घरी येत. एरवी घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. पेटी त्यांच्या अंगणात होती. खरं तर ती मोकळ्या जागेत असावी असा नियम आहे, पण मोकळ्या जागेत गुरं अंग घासतात, म्हणून ज्यांनी ती बसवली त्यांनी अंगण निवडलं होतं. अक्का साडेआठला आकडे वाचत आणि किराणा दुकानातल्या फोनवरून मला सांगत. गावातला तो एकच फोन. दुकानाच्या फळीवर सकाळी जी मंडळी बसलेली असत, त्यांना हे आकडे म्हणजे रोजची मेजवानी होती. फोनमधून मला सगळं ऐकू येई.

"अक्का, आज ओपन काय शे?"

"तुले सांगू तं तू घर लावशी मटकावर."

"मंग क्लोज तरी सांग!"

"क्लोज तुनी बायको सांगी. घर जाय पहिले."

आणि मग लगेच, बदललेल्या, शाळेतल्या आवाजात, "हां मॅडम. कोरडा अठ्ठावीस पूर्णांक चार. ओला बावीस पूर्णांक आठ."

अडचण त्या ओल्या तापमापकाची होती. भोवतीच्या सगळ्या गावांच्या मानाने अक्कांची हवा फार दमट निघत होती. एक-दोन दिवस नव्हे. मार्च संपला, एप्रिल लागला, तरी तेच. नकाशावर बाष्पाच्या रेषा धुळ्याकडून सरळ सावकाश येत, आणि चोपड्याजवळ आल्या की अंगात आल्यासारख्या एकदम वर उसळत.

सरांनी आमच्या लहान संगणकात एक तपासणी बसवली होती. प्रत्येक गावाचा आकडा शेजारच्या गावांवरून बांधलेल्या अंदाजाशी ताडायचा. फरक मर्यादेबाहेर गेला की तो आकडा बाजूला काढायचा, दिल्लीला जाऊ द्यायचा नाही. ही पद्धत जगभर वापरतात आणि ती योग्यच आहे. एका गावाची फुटलेली नळी सबंध अंदाज बिघडवू शकते. पण शेजाऱ्यांशी जुळत नाही म्हणजे चुकलेलं, हा न्याय सव्विसाव्या वर्षी लग्नाशिवाय, परगावी, एकटीने खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला मनापासून पटणं जरा कठीण होतं.

शिवाय माझ्याकडे कारण होतं. अक्कांच्या गावाभोवती केळी होती. विहिरींच्या पाण्यावर भर उन्हाळ्यात हिरवीगार उभी, रोज ओलीत, रोज पानांतून हवेत पाणी सोडणारी. कोरड्या खानदेशात हा दमट पट्टा केळीनेच तयार केला असणार, आणि वादळं तिथेच जोर धरत असली तर केळी आपल्यावरचं संकट अंशतः आपणच बोलावत असणार. हा विचार मला इतका आवडला की मी त्यावर निबंध लिहायला घेतला. जूनमध्ये पुण्यात एक परिषद होती. तिथे उभं राहून हा नकाशा दाखवायचा, आणि जळगावच्या त्या दोन खोल्यांच्या केंद्रातून बाहेर पडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

एप्रिलच्या मध्यावर सरांनी भिंतीवरच्या नकाशात अक्कांच्या गावावर लाल फुली मारली.

"केळीबिळी ठीक आहे," ते म्हणाले. "पण रावेरकडे काय कमी केळी आहेत? तिथला आकडा का नाही उसळत? साधन बिघडलंय, किंवा बाई चुकीचं वाचतायत. दोंडाईच्याहून पेटीची मागणी आलीय. मेअखेर बघू. तोपर्यंत आकडे मर्यादेत आले नाहीत, तर जीप पाठवून पेटी उचलू."

मर्यादा माझ्याच हातात होती. ती संगणकात एका ओळीत लिहिलेली होती आणि चोपड्यापुरती (नोंदीत अक्कांच्या गावाचं नाव 'चोपडा' असंच होतं) सैल करायला मिनिटही लागलं नसतं. सरांनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं. "एकासाठी दार रुंद केलं की म्हैसही आत येते," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना फोनवर सांगितलं. जेवढं होतं तेवढंच: आकडे जुळत नाहीत, मेअखेरपर्यंत मुदत आहे, मग पेटी दोंडाईच्याला जाईल. पलीकडे दुकानातले आवाज चालू होते.  अक्का हळू आवाजात, शाळेचा आवाज विसरून म्हणाल्या, "मॅडम, मी चुकी ऱ्हायनी का?"

मी म्हटलं, "ते बघायलाच येते."

एस.टी.ने चोपडा आणि तिथून दुसऱ्या एस.टी.ने गाव गाठायला संध्याकाळ झाली. खिडकीतून केळी दिसत होती तशी मी मनात निबंधाची वाक्यं रचत होते. अक्का फाट्यावर येऊन उभ्या होत्या. उंच, काटक, चालताना पदर खोचणाऱ्या. मी बॅग हातात ठेवायचा प्रयत्न केला, तो त्यांनी हाणून पाडला.

घर तीन बाजूंनी उंच भिंतींचं आणि मधे अंगण. अंगणाच्या मधोमध पांढरी पेटी, आणि तिच्या पायांशी रांगोळीचं पुसट चिन्ह. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. वैज्ञानिक शिक्षणाचा हाही एक परिणाम असतो: जे यादीत नाही ते दिसत नाही.

सासूबाईंना गाव 'मोठमाय' म्हणे. लहानखुऱ्या, कानात जड सोन्याची फुलं, आणि मी 'शहरात शिकलेली पोर' असल्यामुळे मला काही येत नाही हे गृहीत धरलेलं. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, आणि वर पापडासारखे तळलेले बिबडे. त्यांनी विचारलं, "तुनं लगन?"

"नाही झालं."

"काबरं?"

अक्का मधे पडल्या. "मोठमाय, ती हवा मोजस."

"मंग?" मोठमाय म्हणाल्या. "हवा मोजनारीसनं लगन व्हत नही का?"

जेवणानंतर मी अक्कांना वाचायला लावलं, मलमल कशी बदलता, पाणी कोणतं घालता, डोळा पाऱ्याच्या बरोबर उंचीवर आणता का, हे सगळं विचारलं. उत्तरं बिनचूक होती. तापमापक मी माझ्याबरोबर आणलेल्या तापमापकाशी ताडून पाहिले, तेही चोख. न वाचण्यात चूक, न साधनात. मी मनात केळीचा विजय जाहीर केला आणि अंगणातल्या बाजेवर झोपले.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. मोठमाय बादली घेऊन अंगणात सडा टाकत होत्या. शेणकाल्याचा सडा दारापुढे, आणि मग स्वच्छ पाण्याचा वेगळा, पेटीभोवती. तांब्याने नव्हे, बादलीने. पेटीच्या चारही पायांना पाणी, भोवतीच्या जमिनीला पाणी, जमीन काळी होईपर्यंत. मग वाकून रांगोळी. मग पेटीकडे पाहून जोडलेले हात.

तीन बाजूंनी भिंती. वारा नाही. उन्हाने तापू लागलेली ओली जमीन, आणि तिच्यावर, अडीच-तीन हात उंचीवर, माझ्या निबंधाचा सगळा आधार असलेला ओला तापमापक.

मी बाजेवर उठून बसले. मला आधी हसू आलं आणि मग पुण्याची परिषद आठवली.

"मोठमाय, हे रोज करता?"

"रोज. पह्यलं तुळसले, मंग इले." त्यांनी पेटीकडे बोट केलं. "सूननं काम शे. सरकारनी पेटी आमना घर उनी. कोरडी ठेवू का तिले?"

ती पेटी त्यांच्या लेखी सुनेचा मान होता, आणि मानाला पाणी द्यायचं असतं. दहा गावांत अशी पेटी कुणाच्या दारात नव्हती. मोठमायने आपल्या सुनेचं कौतुक तोंडाने कधी केलं नसावं. ते त्या रोज बादलीने करत होत्या.

साडेआठला अक्कांनी वाचन केलं. मी माझा हातातला आर्द्रतामापक काढला. त्यातही तेच दोन तापमापक, पण मुठीला धरून गरगर फिरवायचे. आधी अंगणात फिरवला, मग गल्लीतून गावाबाहेरच्या खळ्यावर जाऊन, मग पलीकडे केळीच्या बांधावर. मोठमाय मागोमाग आल्या होत्या. "पाखरं हाकलस का?" त्यांनी विचारलं. खळ्यावरच्या दोघा-तिघांनी हात थांबवून पाहिलं आणि एकाने गोफणीला दगड लागतो असं मला समजावून सांगितलं.

अंगणाचा आकडा उंच. खळ्याचा त्याच्या बराच खाली. पण, आणि हे मी तीनदा फिरवून पाहिलं, खळ्याचाही आकडा त्याच सकाळच्या, दुकानातून फोन करून विचारलेल्या धुळ्याच्या आकड्याच्या मानाने चढाच. बांधावर आणखी थोडा चढा. केळी हवेत पाणी सोडत होती हे खरं होतं. माझ्या नकाशातली उसळी मात्र बरीचशी मोठमायच्या बादलीची होती.

ओट्यावर बसून मी हे अक्कांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मी इतके दिवस खोटं सांगत होते?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही वाचलं ते खरंच होतं. तिथली हवा तेवढीच दमट होती. ती फक्त या अंगणाची हवा होती. आम्ही तिला तालुक्याची समजलो."

हे वाक्य मी त्यांना धीर द्यायला बोलले होते. पुढे कित्येक वर्षं, याहून बारीक जाळ्यांवर काम करताना, मला ते स्वतःला सांगावं लागलं. प्रत्येक आकडा कुठल्या तरी अंगणाचा असतो. तो किती दूरपर्यंत खरा आहे, हे आधी विचारायचं असतं.

उपाय मला अगदी सोपा वाटला. "मोठमाय, सडा साडेआठनंतर टाका. वाचन झालं की हवं तितकं पाणी."

मोठमायच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी काहीतरी अभद्र बोलले आहे.

"दिवस वर येवावर आंगन कोरडं?" त्या म्हणाल्या. "लोके काय इचारतीन? घरमा कोन गयं म्हनतीन."

अक्कांनी खाली बघत समजावलं. सूतक असलं की दारात सडा नसतो, रांगोळी नसते. कोरडं अंगण म्हणजे गल्लीला दिलेली मरणाची खबर. रोज साडेआठपर्यंत अंगण कोरडं ठेवायचं म्हणजे रोज सकाळी घरात कुणीतरी मेलं आहे असं सांगायचं.

"पण हे साडेआठ आमचे नाहीत, मोठमाय. सगळी दुनिया त्याच वेळेला वाचते."

"मंग दुनियाले सांग ना. सहा वाजता वाचा म्हना. बठ्ठी दुनिया झोपी ऱ्हास का?"

 मोठमाय पुढे सहज म्हणाल्या, "मना दीर गया तवय नही टाका सडा. तेवढंच."

मी विचारलं, "कधी?"

"होळीनी मांगे."

मला तेव्हा एक गोष्ट आठवली. होळीच्या मागे काही दिवस चोपड्याचे आकडे अचानक शेजाऱ्यांच्या जवळ आले होते. तपासणीतून सुखरूप पार झाले होते. साधन आपोआप सुधारलं, असं समजून मी खूश झाले होते, आणि नंतर ते पुन्हा चढले तेव्हा वैतागले होते. आणखी एक आठवलं. त्या दिवसांत फोनवर मटक्याचा विनोद नव्हता. दुकानातली मंडळी गप्प असत. अक्का आकडे सांगत आणि ठेवून देत. मला ते बरं वाटलं होतं. वेळ वाचत होता. घरात मरण असताना त्या रोज साडेआठला वाचत होत्या आणि गल्लीतून चालत येऊन मला सांगत होत्या, हे मला कळण्याचा काही मार्ग नव्हता. मी विचारलं असतं तरच कळलं असतं.

"पेटी गेली तर जाऊ द्या, मॅडम," अक्का म्हणाल्या. मोठमाय आत गेल्या होत्या. "त्यांना नका सांगू काही. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे गेली."

"तुम्हाला काय वाटेल?"

त्यांनी पेटीकडे पाहिलं. "घर सासूचं. शेत मालकांचं. बालवाडी सरकारची. साडेआठला जे वाचते ना, ते माझं. माझ्याआधी ते कुणालाच माहीत नसतं." मग हसून, "दुकानातल्या मटकेवाल्यांनाही नाही."

जळगावला परतून मी होळीमागचे ते दिवस वेगळे काढले. सडा नसलेल्या अंगणाची हवा: शेजाऱ्यांहून जरा दमट, पण मर्यादेत, आणि ज्या सकाळी वारा केळीच्या बाजूने होता त्या सकाळी थोडी अधिक. एका घराच्या सुतकाने मला माझा स्वच्छ प्रयोग करून दिला होता. मी नवा नकाशा काढला. उसळी गेली होती. तिच्या जागी एक हलकासा उंचवटा होता, इतका बारीक की परिषदेत मागच्या रांगेतून दिसलाही नसता. पण तो होता.

सरांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. "म्हणजे केळीही खरी आणि सडाही खरा," ते म्हणाले. "जागा बदला. खळ्यावर न्या. काटेरी कुंपण घाला, गुरं येणार नाहीत. पण मुदत तीच. मेअखेर."

आता प्रश्न विज्ञानाचा उरला नव्हता. खळं गावाच्या पलीकडे होतं. रोज सकाळी गल्लीतून, पारावरच्या माणसांसमोरून, एकट्या बाईने तिथे जायचं, कुंपणात शिरायचं, वाकून काचेत बघायचं, आणि परत दुकानात येऊन फोन करायचा. अंगणातली पेटी हा घराचा मान होता; खळ्यावरची पेटी म्हणजे गावाला तमाशा. अक्कांचे यजमान सुटीला आले तेव्हा त्यांनी "आई काय म्हणेल ते" असं सांगून हात झटकले, हे अक्कांनीच मला फोनवर सांगितलं.

आई काय म्हणाली, तेही त्यांनीच सांगितलं.  पेटी उचलायला आमची माणसं आली तेव्हा मोठमाय दारात उभ्या होत्या. एकाने पेटी पायांकडून ओढायला घेतली तशा कडाडल्या, "उभी उचल! आडवी करू नको तिले!" आणि मग, कुणी विचारलं नसताना, चपला पायात घातल्या आणि मिरवणुकीपुढे चालावं तशा खळ्यापर्यंत पेटीच्या पुढे गेल्या. पारावरून कुणीतरी म्हणालं, "मोठमाय, वरात कोनी शे?"

"मनी सूननी शे," मोठमाय म्हणाल्या. "उठी उभा ऱ्हाय."

मे महिनाभर मी रोज सकाळी चोपड्याचा आकडा सर्वांत शेवटी संगणकात घालत असे, चांगली बातमी मागे ठेवावी तशी. बहुतेक दिवशी तो तपासणीतून पार होई. दोनदा अडकला. एकदा रात्री खरोखरच वळीव पडून गेला होता. तो दमटपणा खराच होता आणि नियमाला ते कळत नव्हतं. त्या दिवशी मी सरांशी भांडले. आकडा नियमाने बाहेरच राहिला, पण शेजारी 'वळीव' असा शेरा लिहिण्याची परवानगी मिळाली. दुसऱ्यांदा का अडकला ते मला आजही माहीत नाही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी न कळवता गावी गेले. चोपड्याहून पहाटेची गाडी पकडली आणि सरळ खळ्यावर पोहोचले. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, मधे पांढरी पेटी, भोवतीची जमीन भेगाळलेली, कोरडी ठणठणीत. अक्का येताना दिसल्या, पदर खोचून, कुणाकडे न बघता. त्यांच्या दहा पावलं मागे मोठमाय. हातात पाण्याने भरलेला तांब्या.

मी त्यांना अडवायला पुढे सरकले. पण मोठमाय कुंपणाबाहेरच थांबल्या. तांब्या दोन्ही हातांत धरून, देवळात आरती संपायची वाट बघावी तशा. अक्कांनी आत जाऊन पेटीचं दार उघडलं, वाकून वाचलं, पुटपुटत दोन्ही आकडे मनात धरले, दार लावलं.

"व्हयनं का तुन्ही दुनियानं?" मोठमायने विचारलं.

"व्हयनं."

तेव्हा त्या आत गेल्या आणि पेटीच्या एका पायावर पाणी ओतलं. एकाच पायावर, तांब्याभर. मी घड्याळ पाहिलं आणि बॅगेतून आर्द्रतामापक काढावा का, असा विचार केला. काढला नाही. उन्हाने ती जागा आम्ही बोलत उभ्या असतानाच पांढरी पडत चालली होती. उद्याच्या साडेआठपर्यंत तिचा मागमूस राहणार नव्हता.

तिघी दुकानावर आलो. फळीवरची मंडळी होतीच. मला पाहून जरा सावरून बसली, पण फार वेळ नाही.

"अक्का, आज ओपन काय शे?"

अक्कांनी फोनकडे हात नेला आणि मग तो माझ्याकडे पाहून खाली घेतला, कारण फोन जिला करायचा ती समोरच उभी होती. त्यांना हसू फुटलं. पण त्यांनी फोन उचललाच, जळगावचा नंबर लावला, आणि सरांनी तो घेतल्यावर सरळ उभ्या राहून, शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "सर, मी चोपडा. कोरडा एकतीस पूर्णांक दोन. ओला बावीस पूर्णांक सहा."  पलीकडून सर काहीतरी बोलत होते. अक्का ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "हां. हां सर. ठेवते."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, लिहून घेतलं. आणि म्हणाले, दोंडाईच्यासाठी दुसरी पेटी बनवायला टाकलीय."

मोठमायने रिकामा तांब्या फळीवर ठेवला आणि दुकानदाराला सांगितलं, "भाऊ, चहा टाक. तीन. ह्या पोरीले साखर जास्त, तिनं अजून लगन व्हनं नही."